जिन्यावरून आलेली बोली

दार वाजतं. नाझींच्या ताब्यातलं ब्रुसेल्स, दुपारची वेळ. फ्लॅटमध्ये काहीजण बसलेत. जर्मन सैनिकांमध्ये गुपचूप पसरवायची पत्रकं तयार करणं हे त्यांचं काम. सापडले तर संपलं. दार उघडतात तर समोर एसएसचा माणूस. झोपाळलेला, गणवेशाची बटणं उघडी. तो त्याच इमारतीत राहतो आणि त्याची तक्रार एवढीच आहे, की वरच्या गप्पांनी झोपमोड होतेय.

आतल्या एकाची मात्र भलतीच पंचाईत झालीय. हा माणूस ज्या बोलीत खेकसतोय ती त्याच्या स्वतःच्या मुलखातली, ऑस्ट्रियातली. कितीतरी दिवसांत ती अशी कानावर पडलेली नाही. भीतीने तो गारठलाय आणि त्याच क्षणी त्याला वाटतंय, याला याच्याच बोलीत उत्तर द्यावं.

तो देत नाही. म्हणून वाचतो, त्या दिवसापुरता.

ज्याँ आमेरीचा हा प्रसंग मी पुण्यात, जर्मनच्या बी-टू परीक्षेची तयारी करताना वाचला. शेजारी इंग्रजी भाषांतर उघडं ठेवून. १९६६ साली आलेल्या त्याच्या पुस्तकात हा निबंध आहे आणि शीर्षकातच प्रश्न आहे: माणसाला किती ‘हाइमाट’ लागतं? क्लासमध्ये या शब्दाचा अर्थ ‘मातृभूमी’ असा सांगितला होता. मला ‘मुलूख’ जास्त जवळचा वाटतो. मातृभूमीला झेंडा असतो. मुलखाला वास असतो, शिव्या असतात.

आमेरीचं मूळ नाव हान्स मायर. जन्म १९१२, व्हिएन्ना. वाढला आईच्या कॅथलिक वळणात. १९३५चे न्यूरेंबर्ग कायदे त्याने कॉफीहाऊसमध्ये बसून वर्तमानपत्रात वाचले आणि आपण आता ज्यू ठरलो, हे त्याला तिथे कळलं. १९३८च्या अखेरीस तो बेल्जियमला पळाला. १९४३मध्ये पकडला गेला. ब्रीनडोंकच्या किल्ल्यात छळ, मग आउश्वित्झ. सुटल्यावर ब्रुसेल्सलाच राहिला. पुढे मायरची अक्षरं उलटसुलट करून त्याने ‘आमेरी’ हे फ्रेंच वळणाचं नाव घेतलं. लिहीत राहिला मात्र जर्मनमध्येच.

इथे मी फार वेळ अडकले. नाव सोडता आलं, देश सोडला, भाषा का नाही सोडली? छळणाऱ्यांचीही तीच भाषा होती की.

नंतर झेबाल्ड हातात आला. हा १९४४ साली जन्मलेला जर्मन, आयुष्य काढलं इंग्लंडात आणि लिहिलं जर्मनमध्येच. ‘आउस्टरलिट्झ’ ही त्याची २००१ची कादंबरी मोबाइलवर वाचू नका. परिच्छेद जवळजवळ नाहीतच, अंगठा दुखतो. तिच्या नायकाला चार-साडेचार वर्षांचा असताना प्रागहून इंग्लंडला पाठवलेलं असतं. वेल्समधल्या पाद्र्याच्या घरी नाव बदलतं, भाषा बदलते, आधीचं सगळं पुसलं जातं. म्हातारपणाकडे झुकल्यावर तो प्रागला जातो. लहानपणी सांभाळणारी बाई भेटते. ती बोलता बोलता चेकमध्ये शिरते आणि आपल्याला चेक येतच नाही असं समजणाऱ्या या माणसाला जवळजवळ सगळं कळायला लागतं.

मी पुस्तक मिटलं आणि उगाच भांडी घासली.

माझं गाव दर्यापूरकडचं. पुण्यात हॉस्टेलच्या पहिल्याच आठवड्यात मी ‘काहून’ म्हणाले आणि अख्खी खोली हसली. दुष्टपणे नव्हे, गंमत म्हणून. मीही हसले. सहा महिन्यांत मी ‘का’ म्हणायला शिकले, ‘करून राह्यली’चं ‘करतेय’ झालं, ‘माय’ची ‘आई’ झाली. माझ्या मागे कुणी एसएस लागलं नव्हतं. आमेरीच्या शेजारी मी माझी गोष्ट ठेवत नाहीये, तसं केलं तर मलाच लाज वाटेल. त्याच्यावर मरणाची वेळ होती, माझ्यावर फक्त हसू. तरी मी माझं काम त्याच्यापेक्षा चोख केलं. त्याला जिन्यावर निदान मोह तरी झाला. आमच्या ऑफिसच्या गेटवरचा सिक्युरिटीवाला अकोल्याकडचा आहे. त्याने एकदा विचारलं, ‘म्याडम, तुमी कोनीकडच्या?’ मी म्हटलं, ‘इथलीच.’

दिवाळीआधी घरी फोन केला होता. कामाचं, तिकिटाचं, सुट्टीचं सांगत होते. पलीकडून मध्येच आवाज आला, ‘अशी काहून बोलून राह्यली वं, पाहुण्यावानी?’ मी रेंजचं कारण देऊन फोन ठेवला.

भांडी घासून झाल्यावर गच्चीवर गेले. फोन लावला. तोंडात वाक्य तयार होतं, तरी जीभ आधी ‘आई’कडेच वळली. गिळलं.

‘माय, जेवली का वं?’

ती क्षणभर गप्प राहिली. मग तिने कापूस वेचायला बाया मिळून नाही राह्यल्या, तिथून सुरुवात केली. चाळीस मिनिटं.