एकट्याचे पान

अन्नास चव दोन ठिकाणांहून येते. एक चुलीपासून आणि दुसरी पंक्तीपासून. पहिलीविषयी पुष्कळ लिहिले जाते. दुसरी मात्र नाहीशी झाल्यावाचून ध्यानात येत नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ११७ व्या सूक्तात, एकटाच खाणाऱ्याच्या वाट्यास केवळ पाप येते, असा निर्वाळा ऋषींनी दिला आहे. ते सूक्त दानपर आहे हे आम्ही जाणतो. तथापि त्यात पाकशास्त्राचेही एक सूत्र दडलेले असावे, असे आम्हांस अलीकडे वाटू लागले आहे. त्याचे कारण सांगतो.

गेल्या माघात घरची सर्व मंडळी एका मुंजीनिमित्त पुण्यास गेली होती. घर राखण्यास नंदुरबारास आम्ही एकटेच उरलो. निघताना नातवाने बजावले होते, "आजोबा, रोज खिचडीच करू नका. रस्त्यावर नवे हॉटेल झाले आहे ना, तिथे मेक्सिकन जेवण मिळते. एकदा तरी जाऊन या."

मेक्सिको हे नाव ऐकून आमची जिज्ञासा जागी झाली, कारण त्या देशाचे आमच्या गावावर मोठे ऋण आहे. मिरची मूळची तिकडची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती हिंदुस्थानात आणली. तत्पूर्वी आपल्या पाकशाळेतील तिखटपणा मिरे, पिंपळी व सुंठ यांवर अवलंबून असे. म्हणून तर या परकी पाहुणीस आपण मिऱ्यावरूनच नाव दिले. आज हिवाळ्यात नंदुरबारच्या बाहेर पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते, आणि वारा फिरला की सारे गाव शिंकते. मका, टोमॅटो व राजमा हेदेखील तिकडूनच आलेले. तेव्हा हे माहेरचेच जेवण, अशा भावनेने आम्ही गेलो.

चौघांच्या मेजावर आम्हांस एकट्यास बसविण्यात आले. वाढपी मुलगा सालस होता. आमच्या पांढऱ्या केसांकडे पाहून तो म्हणाला, "काका, तिखट कमीच ठेवायला सांगतो हं." मिरचीच्या गावात मिरचीच्या देशाचे जेवण, आणि तेही अळणी! पुढे आले ते मैद्याच्या पोळीत गुंडाळलेले थोडे राजम्याचे सारण, वर चीज, आणि बाजूस बाटलीतील गोडसर लाल चटणी. गंमत अशी की, गहू आणि गाय ही दोन्ही त्या देशात गेली ती १५२१ नंतर, स्पॅनिश लोकांबरोबर. मक्याचा त्या ताटात मागमूस नव्हता. चित्राहुती घालावी तर काचेच्या मेजावर जागा कोठे! अर्धे पान आम्ही कसेबसे संपविले, तोच बिल आले. "आणखी वाढू का?" हे शब्द मात्र कोणी उच्चारले नाहीत.

खरे मेक्सिकन अन्न असे नसते. तेथे मका चुन्याच्या पाण्यात शिजवितात, त्याची साले काढतात, आणि परंपरेने तो पाट्यासारख्या दगडावर वाटून त्याच्या भाकऱ्या थापतात. या चुन्यामुळे मक्यातील एक जीवनसत्त्व शरीरास मिळू लागते. युरोपने मका नेला, परंतु ही रीत नेली नाही. परिणामी जेथे गरिबांचा निर्वाह जवळजवळ मक्यावरच चालला, त्या उत्तर इटलीत पेलाग्रा नावाचा दारुण रोग पसरला. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागातही त्याने हजारो बळी घेतले. पदार्थ उचलावा आणि रीत टाकावी, याचे याहून कठोर उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

भोजनोत्तर तसेच मेजाशी बसून गप्पा मारण्यास तिकडे स्पॅनिश भाषेत 'सोब्रेमेसा' असा स्वतंत्र शब्द आहे. आपल्याकडे सुपारी कातरता कातरता जे चाले, तेच ते. नोकरीच्या काळात आम्ही काही वर्षे सातपुड्यात धडगावाकडे होतो. पावरा विद्यार्थ्यांच्या घरी मक्याची भाकर आणि लसूण-मिरचीची चटणी आम्ही अनेकदा खाल्ली आहे. घरात फारसे काही नसे, परंतु गुरुजींच्या पानात दुसरी भाकर पडल्यावाचून ती माउली हात धूत नसे. मेक्सिकोचे धान्य आणि मेक्सिकोची मिरची तेथे खऱ्या अर्थाने घरी आलेली होती.

यास्तव हॉटेलास दोष देऊन भागणार नाही. ते पैसे घेते व पदार्थ देते. आग्रह हा विकत मिळणारा जिन्नस नव्हे. वाचकहो, प्रश्न आपल्या घरांचा आहे. भरल्या घरातही एकट्याची पाने असतात. सर्वांस वाढून झाल्यावर स्वयंपाकघरात गार पोळी घेऊन बसणारी सून, उशिरा परतणारा मुलगा, दात नसल्यामुळे पंक्तीत मागे पडणारी आजी, यांना "काय हवे?" असे विचारणारे कोण असते? त्यांच्या शेजारी घटकाभर पाट मांडून बसण्यास काही खर्च येत नाही. जेवलेल्या माणसानेही बसावे. हातात सुपारी असली म्हणजे झाले.