महाबळेश्वरचा फाटा सोडा, सरळ चला!

खंबाटकी घाट उतरून सुरूर आलं, की पुण्या-मुंबईच्या निम्म्या गाड्या वाईकडे वळतात. पाचगणी, महाबळेश्वर, स्ट्रॉबेरी विथ क्रीम, दोनशे फोटो आणि सोमवारी ऑफिस. आम्ही तिघांनी या वेळी स्टेअरिंग सरळ ठेवलं. तीन दिवस, सातारा आणि सांगली!

साताऱ्यात खव्याचा खमंग भाजका वास असलेले कंदी पेढे घ्यायचे आणि कास गाठायचं. अंतर जेमतेम २५ किलोमीटर. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात हा फुलांचा सीझन. ऑनलाइन बुकिंग आधीच करा आणि प्लीज, फोटोसाठी फुलांत लोळू नका! कातळावर बोटभर माती, त्यात हा सगळा संसार. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासही जागतिक वारशाच्या यादीत गेलं. गर्दीचा कंटाळा आला, तर ठोसेघरचा धबधबा आणि चाळकेवाडीच्या पवनचक्क्या आहेतच.

हायवेने पुढे कराड. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरच्याच, पण वेगवेगळ्या वाटांनी येऊन इथे अगदी समोरासमोर भेटतात. हाच तो प्रीतिसंगम. काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. संध्याकाळी अख्खं कराड इथे गप्पा मारायला येतं, त्यामुळे टाइमपास फुकटात.

पेठ नाक्यावर हायवे सोडायचा, पण जेवल्याशिवाय नाही. या पट्ट्यातल्या ढाब्यांची शान म्हणजे अख्खा मसूर. वर तर्री, सोबत गरम रोटी आणि हाताने फोडलेला कांदा. आमच्यातला कट्टर नॉनव्हेजवाला दुसरी प्लेट मागवून गप्प झाला, यातच काय ते समजा.

सांगलीत लोक गणपतीचं देऊळ बघतात, भडंग घेतात आणि निघतात. तुम्ही थोडं पुढे हरिपूरला जा. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, ‘संगीत शारदा’ लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांचं हे गाव. पण खरी गंमत पायाखाली आहे. पेव! जमिनीत खोल खणलेला, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद होत जाणारा खड्डा. त्यात हळद भरून तोंड बंद केलं, की आत हवा नाही, कीड नाही. वर्षानुवर्षं माल जसाच्या तसा. ना वीज, ना मशीन. सगळी करामत इथल्या मातीची. पेव उघडल्यावर मात लगेच आत उतरायचं नाही, कोंडलेली हवा आधी बाहेर जाऊ द्यायची. नाहीतर जिवाशी खेळ.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय मिळालं. पेवं मात्र २००५ च्या महापुरात पाणी शिरून कितीतरी ढासळली. व्यापाऱ्यांनी माल कोल्ड स्टोरेजमध्ये हलवला, तो परत फारसा आला नाही. त्यांचं तरी काय चुकलं? सांगलीत पावसाळ्यात घराघरात एकच आकडा विचारला जातो, आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट? ४५ ही धोक्याची पातळी. २०१९ मध्ये पाणी ५७ च्या पुढे गेलं. अशा गावात लाखोंचा माल जमिनीखाली कोण ठेवेल? पण ज्या विद्येला विजेचं बिल येत नाही, ती बघता बघता हातची चालली आहे, हे गावातून फिरताना फार टोचतं. निदान चारदोन पेवं तरी नीट राखून लोकांना दाखवायला काय हरकत आहे? वाइनरी टूरला पैसे मोजणारे आपण यालाही मोजू की!

उरलेला अर्धा दिवस मिरजेला द्या. सांगलीपासून दहाएक किलोमीटर. मंगळवेढा-पंढरपूरकडचे अजस्र कडू भोपळे इथे येतात आणि त्यांचे तंबोरे, सतारी होतात. २०२४ मध्ये मिरजेच्या या वाद्यांनाही जीआय मिळालं. कारागिरांचं काम चालू असेल तर दारात उभं राहून बघा, मध्येच सेल्फी मागू नका. मग मिरासाहेबांच्या दर्ग्यात जा. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ इथेच विसावलेत आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ मोठमोठे गवय्ये येऊन गातात. त्या तारखा बघून रजा टाकलीत, तर मिरजेत रूम मात्र आधीच बुक करा.