शून्य ते दहा व्होल्ट

कन्व्हेयर किती वेगाने चालवायचा, व्हॉल्व्ह किती उघडायचा, भट्टीचा पंखा किती फिरवायचा हे पीएलसी, म्हणजे यंत्र चालवणारी नियंत्रक प्रणाली, आकड्यांत ठरवते. तो आकडा विद्युतदाबात बदलून पॅनेलबाहेर पाठवण्याचे काम ॲनालॉग आउटपुट कार्ड करते. कारखान्यात त्याला सरळ ‘एओ कार्ड’ म्हणतात. बहुतेक ठिकाणी त्याचा दाब ० ते १० व्होल्ट असतो. दोन्ही दिशांची हालचाल हवी असेल तिथे उणे १० ते अधिक १० व्होल्ट. ‘दहा व्होल्ट म्हणजे शंभर टक्के’ एवढाच करार कार्ड आणि यंत्र यांच्यात असतो. हा करार दोन्ही बाजूंनी पाळला जातो की नाही, हे तपासून नोंदवणे म्हणजे कॅलिब्रेशन. पेचकस घेऊन ट्रिमपॉट, म्हणजे कार्डावरचा जुळवणीचा स्क्रू, फिरवणे हा त्यातला अगदी शेवटचा आणि पुष्कळदा अनावश्यक भाग असतो.

कार्डातला डिजिटल-ॲनालॉग कन्व्हर्टर दाब सलग देत नाही, पायऱ्यापायऱ्यांनी देतो. १२ बिटांच्या कार्डात ४,०९६ पायऱ्या असतात, म्हणजे १० व्होल्टच्या पट्ट्यात एक पायरी साधारण २.४४ मिलिव्होल्टची. १६ बिटांत पायऱ्या ६५,५३६ होतात आणि एक पायरी ०.१५ मिलिव्होल्टवर येते. पायरी बारीक असली म्हणजे कार्ड अचूक असते असे मात्र नाही. ०.१५ मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी चालणारे कार्डही मुळात ३० मिलिव्होल्टने चुकलेले असू शकते. खरेदीच्या वेळी बिटांची संख्या सगळे पाहतात. अचूकतेची टक्केवारी आणि तापमानाचा गुणांक पाहणारे थोडे. काम बिघडते ते या दुसऱ्या दोन आकड्यांमुळे.

मांडणीची सुरुवात चॅनेलचा प्रकार ठरवण्यापासून होते. एकच कार्ड व्होल्टेज किंवा करंट यांपैकी काहीही देऊ शकते. जुन्या कार्डांत हे जंपरने किंवा डिपस्विचने ठरते, नव्यांत सॉफ्टवेअरमधून. मग येते आकड्यांची मोजपट्टी. सीमेन्सच्या एस७ मालिकेत १० व्होल्टसाठी २७,६४८ हा आकडा धरलेला आहे आणि त्यावरची जागा मर्यादा ओलांडल्याचे कळावे म्हणून राखीव आहे. डेल्टा, मित्सुबिशी यांच्या अनेक लहान मॉड्यूलांत तीच मजल ० ते ४,००० मध्ये बसवलेली असते. एका कंपनीच्या पीएलसीवरचा प्रोग्रॅम दुसरीवर नेताना हा फरक राहून गेला, की २७,६४८च्या कार्डाला पूर्ण वेगासाठी ४,०००च जातात. मग बाहेर १.४५ व्होल्ट येतात आणि ५० हर्ट्झवर पळायला हवी ती मोटर सव्वासात हर्ट्झवर रेंगाळते. अशा वेळी कार्ड बदलून काही होत नाही, कारण कार्ड बरोबरच असते.

पीएलसी ‘स्टॉप’मध्ये गेली तर चॅनेलने काय करायचे, हेही याच टप्प्यावर ठरवावे लागते: शून्यावर यायचे, शेवटचा दाब धरून ठेवायचा, की आधी ठरवलेला एखादा दाब द्यायचा. कन्व्हेयरला शून्य योग्य. भट्टीच्या थंड पाण्याच्या पंपाला तेच शून्य घातक. हा निर्णय प्रोग्रॅमरने एकट्याने घेऊ नये. प्रक्रिया ओळखणाऱ्या माणसाला शेजारी बसवून घ्यावा. शिवाय ० ते १० व्होल्टच्या संदेशात एक अंगभूत उणीव आहे. तार तुटली तरी समोर शून्य दिसते आणि ‘थांब’ असा हुकूम आला तरी शून्यच दिसते. जिथे हा फरक कळणे गरजेचे आहे तिथे २ ते १० व्होल्ट किंवा ४ ते २० मिलिअँपिअर वापरतात; मग खरा शून्य म्हणजे तार तुटली, हे ओळखता येते.

वायरिंग हा या कामाचा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. व्होल्टेजचा संदेश तारेच्या रोधाला बळी पडतो. अर्धा चौरस मिलिमीटरच्या लवचिक तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ३९ ओहम. पॅनेलपासून ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारे उपकरण) १०० मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन २०० मीटर, म्हणजे ७.८ ओहम. ड्राइव्हच्या इनपुटचा रोध २० किलोओहम असेल तर तारेत जेमतेम ४ मिलिव्होल्ट पडतात, चिंता नाही. पण त्याच चॅनेलला १ किलोओहमचा लोड लावला, तर जवळपास १० मिलिअँपिअर वाहतात आणि वाटेत ७७ मिलिव्होल्ट हरवतात. ५० हर्ट्झच्या मोजपट्टीवर हा सुमारे ०.४ हर्ट्झचा फरक होतो. एकाच चॅनेलवरून दोन-तीन ड्राइव्ह, एक इंडिकेटर आणि एक रेकॉर्डर समांतर जोडण्याची सवय असलेल्या ठिकाणी हे हमखास घडते. काही कार्डांना चार तारांची सोय असते. दोन तारा दाब नेतात आणि दोन लोडच्या टोकाचा दाब कार्डाला परत कळवतात. मग वाटेतली घट कार्ड स्वतःच भरून काढते. ही सोय नसेल तर तार जाड घ्यावी किंवा लोडची संख्या कमी करावी.

दुसरा दोष शून्याच्या तारेत असतो. कार्डाचा शून्य पॅनेलमध्ये अर्थला जोडलेला आणि ड्राइव्हचा कॉमनही तिकडे अर्थला जोडलेला असेल, तर दोन अर्थिंगमधल्या फरकामुळे त्या बारीक तारेतून परका करंट फिरू लागतो. वर सांगितलेल्या केबलच्या एका तारेचा रोध ३.९ ओहम आहे. त्यातून १० मिलिअँपिअरचा परका करंट गेला की ३९ मिलिव्होल्टची चूक होते. याची खूण अशी, की शेजारचा मोठा कॉम्प्रेसर सुरू झाला की रीडिंग हलते आणि बंद झाला की जागेवर येते. ट्रिमपॉटने हा दोष कधीच जात नाही, फक्त दुसऱ्या वेळेला ढकलला जातो. उपाय म्हणजे आयसोलेटेड आउटपुटचे कार्ड किंवा मध्ये सिग्नल आयसोलेटर. पिळाच्या जोडतारा, त्यावर शील्ड, पॉवर केबलपासून वेगळा ट्रे आणि ओलांडावेच लागले तर काटकोनात ओलांडणे, या गोष्टी सर्वांना माहीत असतात. काम संपवायच्या घाईत त्याच पहिल्यांदा सुटतात. शील्डबाबत कमी वारंवारतेच्या संदेशाला एकाच टोकाला अर्थ करण्याची रीत आहे. पण अनेक ड्राइव्हचे निर्माते दोन्ही टोकांना, पूर्ण घेराच्या क्लॅम्पने अर्थ करायला सांगतात. जिथे ज्याचे उपकरण, तिथे त्याच्या मॅन्युअलचा शब्द पाळावा.

मग मीटर. खिशातला ६,००० काउंटचा मल्टिमीटर १० व्होल्ट मोजताना ६० व्होल्टच्या रेंजवर जातो आणि १०.०० दाखवतो. त्याचा शेवटचा अंक १० मिलिव्होल्टचा, म्हणजे १२ बिटांच्या कार्डाच्या चार पायऱ्या त्याला एकच वाटतात. अशा मीटरने तार जोडली आहे की नाही हे तपासता येते. कॅलिब्रेशन होत नाही. मोजणारे साधन मोजल्या जाणाऱ्या वस्तूपेक्षा किमान चौपट अचूक असावे, हा या व्यवसायातला जुना दंडक आहे. कार्डाची अचूकता पूर्ण मजलेच्या ०.३ टक्के, म्हणजे ३० मिलिव्होल्ट असेल, तर १० व्होल्टवर मीटरची चूक साडेसात मिलिव्होल्टच्या आत हवी. कार्ड ०.१ टक्क्याचे असेल तर ती अडीचच्या आत हवी.

त्या मीटरवर भरवसा ठेवायचा तर त्याच्या मागेही कोणीतरी उभे असावे लागते. मीटर एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत तपासला जातो. मुंबईत चुनाभट्टीची आयडेमी आणि अंधेरीची ईआरटीएल या सरकारी संस्था अशी कामे करतात. त्यांची साखळी पुढे नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. एकेकाळी व्होल्टचे प्रमाण वेस्टन सेल या रासायनिक घटात जपले जाई. ब्रायन जोसेफसनने १९६२ मध्ये अतिवाहकांच्या जोडाविषयी मांडलेल्या सिद्धांताने ते बदलले. अशा जोडावर सूक्ष्मलहरी सोडल्या की मिळणारा दाब त्या लहरींच्या वारंवारतेवर आणि निसर्गातल्या दोन स्थिरांकांवरच अवलंबून असतो. २० मे २०१९ पासून हे दोन्ही स्थिरांक अचूक ठरवून दिलेले आहेत, त्यामुळे एक व्होल्ट म्हणजे ४,८३,५९७.८४८४ गिगाहर्ट्झ, असा थेट हिशेब आहे. चाकणच्या एखाद्या शेडमधल्या कार्डाच्या दहा व्होल्टचा दाखला असा पार तिथपर्यंत पोचतो. म्हणून मीटरच्या प्रमाणपत्राची तारीख उलटलेली असेल तर त्या दिवशी ट्रिमपॉटला हात लावू नये.

कॅलिब्रेशनपूर्वी यंत्र हलणार नाही याची खात्री हवी. ड्राइव्हचा रन कमांड बंद, हायड्रॉलिक पंप बंद, पण लोड कार्डाला जोडलेलाच. लोड काढून घेतलेले रीडिंग छान येते आणि उपयोगाचे नसते. कार्डाला किमान अर्धा तास वीज देऊन तापू द्यावे. तापमानाचा परिणाम किरकोळ नसतो. गुणांक अंशाला ५० पीपीएम असेल आणि पॅनेल सकाळी ३० अंशांवर नि दुपारी ५० अंशांवर असेल, तर फरक ०.१ टक्के, म्हणजे १० मिलिव्होल्ट. विदर्भातल्या मे महिन्यात पॅनेलच्या पंख्याची जाळी धुळीने बुजलेली असताना हे रोज घडते. तिथे कॅलिब्रेशन सकाळी गारव्यात उरकू नये. पॅनेलचे दार बंद ठेवून, ते नेहमीच्या तापमानाला आल्यावर करावे.

पहिले काम आहे त्या स्थितीतले आकडे लिहून घेण्याचे. ०, २५, ५०, ७५, १०० टक्के असे चढत आणि मग उतरत, लोडच्या टोकाशी मोजून. हे आकडे घेण्याआधी काहीही फिरवले, तर कार्ड मागच्या वर्षभरात किती सरकले ही माहिती कायमची जाते. त्या काळात तयार झालेला माल बरोबर होता का, या प्रश्नाचे उत्तरही तिच्याबरोबर जाते. आकडे मर्यादेत असतील तर काही करू नये. नोंद करून दार लावावे.

मर्यादेबाहेर असतील आणि कार्डाला ट्रिमपॉट असतील, तर आधी झीरो (खालचे टोक), मग स्पॅन (वरचे टोक). इथे एक बारकावा आहे. ० ते १० व्होल्टचे अनेक आउटपुट शून्याखाली जाऊ शकत नाहीत. कार्ड खरे तर उणे १५ मिलिव्होल्टने सरकलेले असते आणि मीटर शून्यच दाखवतो. म्हणून झीरो खऱ्या शून्यावर न लावता १ टक्क्यावर, म्हणजे ०.१०० व्होल्टवर लावावा. मग १०० टक्क्यांवर स्पॅन. स्पॅन हलवला की झीरो थोडा सरकतो, तेव्हा पुन्हा खाली, पुन्हा वर, दोन्ही टोके जागेवर बसेपर्यंत. टोके बसूनही ५० टक्क्यांवर चूक राहिली, तर तो कन्व्हर्टरचाच दोष असतो, कार्ड बदलावे.

आजच्या बहुतेक कार्डांत ट्रिमपॉट नसतात. तिथे दुरुस्ती प्रोग्रॅममध्ये करावी लागते. समजा १.००० व्होल्ट मागितल्यावर १.०१२ आणि ९.००० मागितल्यावर ८.९७२ मिळाले. दोहोंतला फरक ७.९६०, तो यायला हवा होता ८.०००, म्हणजे उतार ०.९९५ आणि शून्याची चूक ०.०१७ व्होल्ट. हव्या दाबातून ०.०१७ वजा करून ०.९९५ ने भागले की कार्डाला द्यायचा आकडा मिळतो. पाच व्होल्टसाठी तो ५.००८ येतो.

ड्राइव्हच्या इनपुटलाही स्वतःचे बायस आणि गेन असतात. कार्डाची चूक तिथे भरून काढण्याचा मोह टाळावा. कार्ड मीटरशी जुळवावे, ड्राइव्ह मीटरशी जुळवावा; एकमेकांशी जुळवले की दोन चुका एकमेकींना झाकतात आणि एक उपकरण बदलताच दोन्ही उघड्या पडतात.

प्रपोर्शनल हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायर कार्डात हा क्रम आणखी कडक असतो. १०० बाय १६० मिलिमीटरचे हे युरोकार्ड उणे १० ते अधिक १० व्होल्टचा हुकूम घेते आणि व्हॉल्व्हच्या कॉइलला करंट देते. इथे शून्य म्हणजे स्पूल मधोमध. अनेक व्हॉल्व्हांत स्पूल मध्यापासून काही अंतर सरकेपर्यंत तेल वाहतच नाही. तो मृत टापू उडी मारून ओलांडण्याची सेटिंग दोन्ही दिशांना वेगळी असते. रॅम्प सर्वांत कमी करावा, मग शून्य, मग दोन्ही बाजूंच्या उड्या, मग गेन आणि सर्वांत शेवटी रॅम्प पुन्हा वाढवावा. उडी जास्त ठेवली गेली तर शून्याच्या आसपास हुकूम किंचित हलला तरी सिलिंडर सरकतो. त्यामुळे ही तपासणी पंप सुरू करून, कमी दाबावर आणि यंत्राजवळ कोणी नसताना करावी लागते.

काम झाल्यावर आधीचे आकडे, नंतरचे आकडे, पॅनेलचे तापमान, लोड, मीटरचा क्रमांक आणि तारीख हे एका कागदावर लिहून तो पॅनेलच्या दाराच्या आतल्या खिशात ठेवावा. ट्रिमपॉटवर लाखेचा किंवा रंगाचा ठिपका द्यावा. प्रोग्रॅममध्ये दुरुस्तीचा उतार लिहिला असेल, तर त्याच ओळीवर कार्डाचा अनुक्रमांक कॉमेंट म्हणून टाकावा. ही चूक त्या एका कार्डाची असते. कार्ड जळाले आणि रात्रपाळीत स्टोअरमधले नवे बसवले, की जुन्या कार्डाची दुरुस्ती नव्या, निर्दोष कार्डाला लागू होऊन त्यालाच चुकीचे ठरवते. नवे कार्ड बसवले की उतार १ आणि शून्याची चूक ० करावी, पाच बिंदूंचे आकडे नव्याने घ्यावेत, आणि मगच यंत्र उत्पादनाला सोडावे.