लाइट आली तेव्हा

दसरा जवळ आला की आमच्या बीड जिल्ह्यात एक आवाज वाढत जातो. ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांच्या ट्रॉल्या आणि टायरगाड्या दुरुस्तीला येतात. रस्त्याकडेच्या फॅब्रिकेशनच्या दुकानांत सकाळपासून रात्रीपर्यंत ग्राइंडर ओरडत असतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयते निघायच्या तयारीत असतात, म्हणून प्रत्येकाला आपलं काम आजच हवं असतं.

या आवाजाकडे मी कधी फारसं लक्ष दिलं नव्हतं. मी उर्दू आणि मराठी शिकवणारा मास्तर. माझ्या चुलतभावाचं असं एक दुकान आहे, चार माणसांचं. शाळेतून येताना चहाला थांबायचं, ठिणग्या उडताना पाहायच्या आणि घरी जायचं, एवढाच माझा संबंध.

दोन वर्षांपूर्वी तिथे माझा एक जुना विद्यार्थी कामाला लागला. लावला मीच. त्याचे आईवडील तोडीला जात, हा आजीजवळ राही. दहावीला गणितात अडकला आणि शाळा सुटली. उर्दूचं अक्षर मात्र इतकं सुंदर की फळ्यावरचा रोजचा सुविचार मी त्याच्याकडूनच लिहून घ्यायचो. एके दिवशी आजी घरी आली. म्हणाली, "सर, इसको कहीं काम पे लगा दो. तोडी पे नको भेजो."

मी भावाशी बोललो. अठरा वर्षांखालच्या मुलाला धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही हे मला माहीत होतं, म्हणून दाखल्यावरची जन्मतारीख नीट तपासली. अठरा पूर्ण होती. मशीन मात्र तपासलं नाही. खरं सांगायचं तर पाहिलं होतं. ग्राइंडरचा गार्ड काढून भिंतीवर खिळ्याला टांगलेला होता. मी विचारलं, तेव्हा भाऊ हसला. "भाईजान, गार्ड लावला की कोपऱ्यात ब्लेड जात नाही." मी मान डोलावली आणि चहा प्यायलो.

चार महिन्यांनी, ऐन दुपारी लाइट गेली. चालू ग्राइंडर बंद पडला. आमच्याकडच्या बहुतेक ग्राइंडरचा स्विच पुढे सरकवला की तिथेच अडकून राहतो, बंद करायला हाताने मागे घ्यावा लागतो. तो तसाच पुढे राहिला. लाइट येईपर्यंत झिजलेलं ब्लेड बदलून घेऊ, म्हणून पोराने मशीन मांडीवर घेतलं आणि पाना लावला. पिन बोर्डातच होती. आणि लाइट आली.

उजव्या हाताची दोन बोटं आतपर्यंत कापली गेली. दवाखान्यात मी पोहोचलो तेव्हा हाताला मोठं बँडेज होतं. मला पाहून तो म्हणाला, "सर, लाइट नहीं थी. मैं समझा मशीन बंद है."

हे वाक्य मला कितीतरी रात्री झोपू देईना. 'लाइट नाही' आणि 'बंद आहे' यांतला फरक त्याला कुणी शिकवलाच नव्हता. आयटीआयमध्ये वेल्डरचा कोर्स एक वर्षाचा असतो, आठवी पास मुलाला त्यात प्रवेश मिळतो आणि तिथे पहिले धडे सुरक्षिततेचेच असतात. मी त्याला तिकडे पाठवू शकलो असतो. मी सोपी वाट धरली, ओळखीचं दुकान पाहिलं.

मग मी मशीनचा खोका मागून घेतला. आत एक पुस्तिका होती, बारीक इंग्रजीत, प्लास्टिकमधून न काढलेली. डिक्शनरी घेऊन बसलो. जे नीट कळलं नाही ते एका जुन्या फिटरकडून समजून घेतलं.

चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. ब्लेडच्या कडेचा वेग काढला तर तो ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो. त्या वेगाने तुकडा उडाला तर डोळा मिटायलाही वेळ मिळत नाही. गार्ड असतो तो याचसाठी. ब्लेड फुटलंच तर तुकडे आपल्याकडे न येता पलीकडे जावेत. मोठं ब्लेड छोट्या मशीनला बसावं म्हणून लोक गार्ड काढतात. पण सात इंची ब्लेडवर साधारण ८,५०० फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते. ते ११,००० वर फिरवायचं म्हणजे फुटण्याची वाटच पाहायची.

कापायच्या पातळ ब्लेडने घासायचं नाही, कडेने दाब आला की ते तडकतं. ब्लेडच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदत छापलेली असते, औषधाच्या पाकिटावर असते तशी. पडलेलं, ओल लागलेलं, मुदत संपलेलं ब्लेड फेकून द्यायचं. नवं ब्लेड लावलं की तोंडासमोरून बाजूला धरून मिनिटभर मोकळं फिरवायचं. लोखंड पायाखाली दाबून नाही, शिकंज्यात धरून कापायचं. कापलेली फट आवळली तर ब्लेड अडकतं आणि मशीन माणसाच्या अंगावर उसळतं. म्हणून बाजूचा दांडा लावून दोन्ही हातांनी धरायचं. गळ्यात रुमाल नको, सैल बाही नको. डोळ्यांवर चष्मा हवाच. तरीही कण गेला तर काडीच्या टोकाने काढायला कुणाला बसवायचं नाही, डोळा चोळायचा नाही, डॉक्टर गाठायचा. आणि ब्लेडला हात लावण्याआधी स्विच मागे, पिन बाहेर. लाइट असो वा नसो.

यातलं एकही वाक्य अवघड नाही. माझ्या पाचवीच्या वर्गाला कळेल. फक्त ते त्या पोराच्या दोन भाषांपैकी एकीतही लिहिलेलं नव्हतं. दोन्ही भाषा त्याला मीच शिकवल्या होत्या.

कायदा नाही असं नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमात डोळ्यांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कलम होतं, ३५ वं. पण विजेवर चालणारा कारखाना मोजायला किमान दहा कामगारांची अट होती. चार माणसांच्या दुकानात इन्स्पेक्टर कशाला येईल? तिथे कायदा म्हणजे उस्ताद. आणि उस्तादाने स्वतः चष्मा लावला नाही तर शागिर्दाला तो मागायची लाज वाटते.

भाऊ वाईट माणूस नाही. दवाखान्याचा खर्च त्याने केला, पगारही चालू ठेवला. पण पहिल्या दिवशी तोही म्हणाला, "अल्लाह की मर्ज़ी." मी पहिल्यांदाच त्याच्यावर चिडलो. उंट आधी बांधायला आणि मग तवक्कुल करायला सांगणारी हदीस आपण दोघांनी एकाच मदरशात ऐकली होती, म्हटलं. खिळ्याला टांगलेला गार्ड म्हणजे सोडलेला उंट. तो काही बोलला नाही. संध्याकाळी गेलो तेव्हा गार्ड मशीनवर होता.

मग मी एक बोर्ड केला. वर मराठी, खाली उर्दू, दहा वाक्यं. पहिलं वाक्य चष्म्याचं. भावाने तो ग्राइंडरच्या वरच लावला.

पाच महिन्यांनी पोरगा परत आला. दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत. आता तो मापं घेतो, रंग देतो, हिशेब लिहितो. अक्षर पूर्वीचं राहिलेलं नाही. बोर्डासमोर उभा राहून त्याने दोन्ही भाषांतली सगळी वाक्यं सावकाश वाचली.

"सर," तो म्हणाला, "पिन का जुमला नववा है. पहला होना."

मी बोर्ड काढून घरी आणला. या वेळी उर्दूची वाक्यं त्याच्याकडूनच लिहून घेतली. त्याला दोन दिवस लागले.