डोक्याची गोळी

मिरचीच्या तोड्यात हाताची आग होणं, अंगावर पित्त उठणं आमच्या धावडा गावाला नवं नाही. आमसुलाचं पाणी चोळून माणूस पुन्हा रानात जातो. माझ्या गांधी मात्र उतरेनात. पाठीवर, मांड्यांवर रुपयाएवढ्या लाल गाठी, करदोट्याखाली तर सलग पट्टा. वांगं सोडलं, लोणचं सोडलं, रोज सेटिरिझिन घेतली. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी रात्रीसाठी डॉक्सेपिन लिहून दिली.

मेडिकलवाला म्हणाला, "ही तर डिप्रेशनची गोळी."

मी पाकीट सातबाऱ्याच्या पिशवीत दडवलं. पोरीची सोयरीक व्हायची होती. बाप डोक्याच्या गोळ्या खातो हे पाहुण्यांना कळलं तर? रात्र रात्र खाजवत बसलो, पण गोळी घेतली नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी नीट समजावलं. कातडीतल्या पेशी हिस्टामिन सोडतात, बारीक रक्तवाहिन्या पाझरतात आणि गांध उठते. काहींना अन्नातलं हिस्टामिनही पचत नाही म्हणतात, पण त्याची खात्रीची तपासणी अजून नाही. डॉक्सेपिन हे हिस्टामिन जबर अडवते. नैराश्यासाठी बहुधा 75 मिलिग्रॅमच्या पुढे लागते, खाजेसाठी 10 पासून सुरुवात. डॉक्सेपिनच्या कुळाचं मूळही ॲलर्जीच्या औषधांच्या शोधातच आहे. गायगी कंपनीने त्यासाठी रेणू बनवले होते. त्यांतल्याच इमिप्रामिनने उदास रुग्ण सावरतात, हे 1956 मध्ये स्वित्झर्लंडच्या रोलांड कून यांना दिसलं.

ऐकून मी मोकळा श्वास घेतला. म्हणजे गोळी खाजेची! मी 'तसला' नाही!

एसटीत बसल्यावर तो 'तसला' घशाशी आला. तसला म्हणजे कसला? माझा चुलतभाऊच की. गारपिटीत पीक गेलं त्या वर्षी त्याला गोळ्या सुरू झाल्या, तेव्हा चार माणसांत मीच म्हणालो होतो, "दादा, डोक्याच्या गोळ्या खाऊन शेती होते का? मन घट्ट कर." त्याने गोळ्या सोडल्या आणि बाज धरली. पेरणीलाही उठला नाही. त्याला आळशी म्हणणाऱ्यांत मी होतो. मला शिकलेला समजतात, म्हणून माझा शब्द त्याला जास्त लागला असणार.

गोळी सुरू केली. खाज बसली, तोंड कोरडं पडायचं, सकाळी अंग जड व्हायचं. मग दादाकडे गेलो, पाकीट त्याच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं.

"तुझं अंगावर दिसतं," तो म्हणाला. "माझं कुणाला दाखवू?"

मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या तारखेला त्याच्यासोबत दवाखान्यात गेलो. त्याची गोळी वेगळी आहे, आणि ती डोक्याचीच आहे. सोयरीक बघायला आलेल्या पाहुण्यांना मी माझी गोळीही सांगितली आणि दादाचीही.

अशी गोळी कुणाची बघून घेऊ नका. काचबिंदू असेल, लघवी अडत असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. चालू असलेली मनाने बंद करू नका, दुसऱ्याला तर बंद करायला सांगूच नका. मन खचलं असेल तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट लागतो, आणि मराठीत बोलता येतं.