ताकद चारही चाकांना की मागच्या दोनांना?

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी, मधली सुट्टी संपता संपता, दहावीचे दोन विद्यार्थी आमच्या कार्यालयात आणून उभे करण्यात आले. एकाच्या शर्टाचा खिसा फाटलेला, दुसऱ्याचे कोपर खरचटलेले. भांडणाचे कारण विचारले तर दोघेही खाली मान घालून गप्प. शेवटी वर्गशिक्षिकाबाईंनीच सांगितले, "सर, मोटारींवरून भांडले. स्पोर्ट्स कारची ताकद चारही चाकांना द्यावी की मागच्या दोनच चाकांना, यावरून."

आम्हाला हसू आवरेना. दोघांच्याही घरी मोटार नाही. एकाचे वडील लोडिंग टेम्पो चालवतात, दुसऱ्याचे किराणा दुकान आहे. पण खिसा फाटेपर्यंत ज्या गोष्टीची ओढ आहे, ती गोष्ट मुख्याध्यापकाने हसण्यावारी नेऊ नये, हेही लगेच ध्यानात आले. आम्ही शिक्षा सुनावली. दोघांनी दोन-दोन पाने लिहायची आणि शनिवारच्या प्रार्थना-सभेत वाचायची. मात्र प्रत्येकाने आपली नव्हे, तर दुसऱ्याची बाजू मांडायची. टेम्पोवाल्यांचा मुलगा मागच्या चाकांचा कैवारी होता, त्याला चारही चाकांची वकिली आली. दुकानदारांच्या मुलाला मागच्या चाकांची.

शनिवारी सभागृह भरले होते. चारही चाकांची, म्हणजे ऑल-व्हील ड्राइव्हची, बाजू आधी मांडली गेली. मुलाने सुरुवात केली ती फिनलंडच्या बर्फापासून. १९७६-७७ च्या हिवाळ्यात जर्मनीच्या ऑडी कंपनीचे इंजिनिअर तिथे गाड्यांची चाचणी घेत होते. सोबत फोक्सवॅगनची इल्टिस नावाची, लष्करासाठी बनवलेली जीपसारखी गाडी होती. तिचे इंजिन फक्त ७५ हॉर्सपॉवरचे, तरी बर्फावर ती तिच्याहून ताकदवान मोटारींना मागे टाकू लागली. कारण एकच, तिची चारही चाके ओढत होती. योर्ग बेन्सिंगर या इंजिनिअरने मग सुचवले की हीच युक्ती वेगवान मोटारीत का वापरू नये? त्यातून मार्च १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ऑडी क्वाट्रो जगासमोर आली. १९८१ मध्ये ती जागतिक रॅली स्पर्धेत उतरली आणि त्याच वर्षी मिशेल मूतों या फ्रेंच महिलेने तिच्यावर इटलीची सानरेमो रॅली जिंकली. हे वाक्य वाचले गेले तेव्हा मुलींच्या रांगांमधून जोरात टाळ्या पडल्या. १९८२ मध्ये उत्पादकांचे जगज्जेतेपद ऑडीकडे गेले.

पुढे त्याने बालवाडीची तीनचाकी सायकल मागवली, तिची चाके ओली केली आणि व्यासपीठावर वळवून दाखवली. फरशीवर तीन ओल्या रेषा उमटल्या, तिन्ही वेगवेगळ्या लांबीच्या. वळणावर आतले चाक कमी चालते, बाहेरचे जास्त. म्हणून दोघांमध्ये डिफरेन्शियल लागते. पुढच्या आणि मागच्या चाकांचा मार्गही सारखा नसतो. म्हणून चारही चाकांना कायम ताकद देणाऱ्या मोटारीत मध्ये आणखी एक डिफरेन्शियल किंवा तसेच काम करणारी यंत्रणा हवी. दहा मिनिटांत पोरगा आम्हाला जे शिकवून गेला, ते आमच्या कुठल्या पुस्तकात आम्ही असे पाहिले नव्हते.

मग दुकानदारांचा मुलगा उठला. मागची चाके का, हे समजून घ्यायला तो चक्क ज्याच्याशी मारामारी केली त्याच्याच घरी गेला होता आणि त्याच्या वडिलांशेजारी बसून टेम्पोतून फिरून आला होता. रिकामा टेम्पो चिखलात मागची चाके नुसती फिरवत बसतो, पण मागे पोती लादली की तोच टेम्पो निघतो, हे त्यांनी त्याला प्रत्यक्ष दाखवले. चाकावर वजन असेल तर पकड मिळते. स्पोर्ट्स कार जोरात वेग घेते तेव्हा तिचाही भार मागे झुकतो, जणू कोणी मागे पोती ठेवली. म्हणजे ज्या चाकांवर त्या क्षणी वजन आहे, त्यांनाच ताकद मिळते.

आणि पुढे तो म्हणाला, "सर, टायरची पकड म्हणजे दुकानाचा गल्ला. त्यात आहे तेवढेच आहे. वळायला खर्च केले की ओढायला कमी उरणार. पुढच्या चाकांनी फक्त वळायचे काम करावे, ढकलायचे काम मागच्यांनी करावे, म्हणजे एकाच गल्ल्यावर दोन खर्च पडत नाहीत."

आमचे बी.एस्सी. हिंदी माध्यमातून झाले. 'घर्षण' हा शब्द हिंदीत तोच आणि मराठीतही तोच, त्यामुळे हा धडा तरी आपल्याला पक्का येतो अशी आमची समजूत होती. गल्ल्याचा दृष्टांत आम्हाला तीस वर्षांत सुचला नाही.

त्याचा हुकमाचा पत्ता होता १९८३ सालचा. इटलीच्या लान्सिया कंपनीने त्या वर्षी ऑडीसमोर आपली ०३७ ही मोटार उतरवली. ताकद फक्त मागच्या चाकांना, इंजिन मध्यभागी, वजन हजार किलोच्या आत. क्वाट्रो तिच्यापेक्षा बरीच जड. वर्षभरात १२ रॅली झाल्या. ५ ऑडीने जिंकल्या, ५ लान्सियाने. उरलेल्या दोन ओपेल आणि टोयोटाच्या मोटारींनी, आणि त्याही मागच्या चाकांच्याच. वर्षअखेर लान्सियाचे गुण ११८, ऑडीचे ११६. दोन गुणांनी मागची चाके जिंकली. वॉल्टर रोर्लने ०३७ घेऊन माँटे कार्लोच जिंकली असे नाही, तर ग्रीस आणि न्यूझीलंडच्या कच्च्या रस्त्यांवरही बाजी मारली. स्वीडनच्या बर्फात मात्र लान्सियाने आपला संघ पाठवलाच नाही! आपली गाडी कुठे चालणार नाही, हे ओळखणे हाही डावपेचच. चालकांचे विजेतेपद त्या वर्षी ऑडीच्या हान्नू मिक्कोलाला मिळाले.

(पालकांसाठी एक आठवण: त्याच १९८३ च्या डिसेंबरात आपल्याकडे मारुती ८०० आली, तिची ताकद पुढच्या चाकांना. तोवर ज्या ॲम्बॅसेडर आणि पद्मिनीतून आपण लग्नांना गेलो, त्या दोन्ही मागच्या चाकांच्या.)

टेम्पोवाल्यांच्या मुलाला आता राहवेना. आपली मूळ बाजू हरत नव्हती, जिंकत होती, तरी तो उठून म्हणाला, "पण सर, त्यानंतर नाही." खरेच होते. १९८४ ला ऑडीने दोन्ही किताब घेतले. पुढे प्यूजो आली, तीही चारही चाकांची. लान्सियाने स्वतःच मार्ग बदलला आणि चारही चाकांच्या डेल्टावर १९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षे उत्पादकांचे विजेतेपद राखले. ०३७ नंतर मागच्या चाकांच्या कुठल्याही मोटारीला तो किताब मिळालेला नाही.

"मग संपलेच की," मागून कोणीतरी म्हणाले. त्यावर दुकानदारांचा मुलगा पुन्हा उभा. रॅली कच्च्या रस्त्यांची. गुळगुळीत कोरड्या ट्रॅकचे काय? १९६९ मध्ये फॉर्म्युला वनच्या अनेक संघांनी चारही चाकांच्या मोटारी करून पाहिल्या. जड झाल्या, वळणात पुढून बाहेर जाऊ लागल्या, आणि संघांनी नाद सोडला. तोच वाद आजही रस्त्यावरच्या मोटारींत चालू आहे. २०१७ मध्ये आलेल्या बीएमडब्ल्यू एम५ ला चारही चाकांची ताकद दिली, पण सोबत ती फक्त मागच्या चाकांवर चालवण्याची सोयही ठेवली. इतक्या मोठ्या कंपनीनेही निकाल चालकाच्या हाती सोपवला, तर आम्ही कोण निकाल देणार?

टाळ्या थांबल्यावर आम्ही सभागृहाला एकच प्रश्न विचारला. दोन सारख्या मोटारी आहेत, एक चारही चाकांची, एक मागच्या चाकांची. दोन्ही सारख्याच वेगाने येत आहेत आणि समोर अचानक मूल आले. कोणती आधी थांबेल?

जवळजवळ सगळे हात चारही चाकांच्या बाजूने वर गेले. शिक्षकांचेसुद्धा.

या चुकीबद्दल आम्ही कोणाला बोल लावत नाही, कारण आमचाही हात एके काळी तसाच वर गेला असता. १९९६ च्या श्रावणातली गोष्ट. एका परिचितांच्या जीपमधून आम्ही इंदूरहून ओंकारेश्वरला निघालो होतो. चारही चाके जोडण्याचा दांडा असलेली जुनी जीप. सिमरोलजवळ शेताच्या वाटेवर चिखलात रुतलो, त्यांनी दांडा ओढला आणि जीप म्हशीसारखी शांतपणे बाहेर आली. आम्ही सगळे खूश. "हिला काही होत नाही," असे म्हणत त्यांनी भेरूघाटात वेग वाढवला. आम्हीही थांबवले नाही; उलट आम्हालाही तसेच वाटत होते. एका वळणापलीकडे बिघडलेला ट्रक उभा होता. ब्रेक दाबले, चाके थांबली, पण जीप थांबली नाही. ओल्या रस्त्यावरून सरळ घसरत डोंगराकडच्या नालीत जाऊन आदळली. आमचे डावे मनगट मोडले. पाऊस आला की ते आजही दुखते. दरीची बाजू असती, तर हे लिहायला आम्ही उरलो नसतो.

मुलांनो, ब्रेक प्रत्येक मोटारीच्या चारही चाकांना असतात. इंजिनाची ताकद कोणत्या चाकांना जाते याचा उपयोग गाडी निघताना, वेग घेताना. थांबताना त्या ताकदीचे काही चालत नाही. तिथे टायर, रस्ता आणि तुमचा वेग एवढेच उरते. वेग ४० वरून ८० झाला, तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. चारही चाकांची गाडी चिखलातून, बर्फातून सहज निघते आणि म्हणूनच फसवते. रस्ता निसरडा आहे ही जी सूचना मागच्या चाकांची गाडी घसरून आधीच देते, ती इथे उशिरा मिळते. कधी कधी पहिल्यांदा मिळते ती ब्रेक दाबल्यावर.

पालकांनाही एक विनंती. आपल्यापैकी काहींची मुले नववी-दहावीतच मोटारसायकली आणि स्कूटर घेऊन फाटकाच्या पलीकडच्या गल्लीत लावतात, हे आम्हाला माहीत आहे. "आमचा उत्तम चालवतो," असे आपण सांगता. चालवत असेलही. निघणे आणि पळवणे लवकर येते. थांबणे उशिरा येते. कायद्याने १८ वर्षांची अट घातली आहे, ती त्यासाठीच.

त्या दोघांचे काय झाले? या वर्षीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी ते दोघे मिळून डिफरेन्शियलचे लाकडी मॉडेल करत आहेत. लाकूड दुकानातल्या जुन्या खोक्यांचे आहे आणि ने-आण टेम्पोतून होते. अजूनही एकमत झालेले नाही. परवा कार्यालयाबाहेरून त्यांचे चढे आवाज ऐकू आले, तेव्हा आम्ही खिडकीतून डोकावून पाहिले. खिसे दोघांचेही शाबूत होते.