चार वाजताची टेकडी

मैत्रिणींनो, दुपारी चार वाजता तुम्ही काय करता? दुपारची भांडी आवरलेली असतात, सासूबाईंचा चहा झालेला असतो, धाकटा शाळेतून यायला अवकाश असतो आणि संध्याकाळच्या कुकरला अजून तास-दीड तास असतो. गृहिणीच्या दिवसात स्वतःचा म्हणावा असा काय तो एवढाच वेळ. कुणी त्या वेळात जरा पाठ टेकते, कुणी मालिका बघते, कुणी उद्याची भाजी निवडून ठेवते. मी टेकडीवर जाते.

पुण्याबाहेरच्या वाचकांना वाटेल, ही बाई रोज सहलीला जाते की काय! तसं नाही हो. पुण्यात ‘जरा टेकडीवर जाऊन येते’ हे ‘जरा भाजी घेऊन येते’ इतक्या सहज म्हणतात. पर्वती, तळजाई, चतुःशृंगी, फर्ग्युसनच्या मागची हनुमान टेकडी, आणि आमची वेताळ टेकडी. ज्याची त्याची टेकडी ठरलेली असते आणि प्रत्येकाला आपलीच सगळ्यांत चांगली वाटते. आमचीची बाजू घ्यायची तर पुणे शहरातली ती सगळ्यांत उंच. शहर समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आणि टेकडीचा माथा सुमारे 800 मीटरवर. म्हणजे घरून निघून पाऊण तासात तुम्ही सगळ्या पुण्याच्या डोक्यावर उभ्या! माथ्यावर वेताळाचं देऊळ आहे. पलीकडे जुनी दगडाची खाण, तिच्यात आता पाणी साठतं. एका अंगाला पाषाणचा तलाव दिसतो, दुसऱ्या अंगाला पर्वती, आणि हवा स्वच्छ असली तर दूरवर सिंहगड, डोक्यावरच्या टीव्हीच्या मनोऱ्यासकट.

मी लग्न होऊन आले ती लातूरकडून. आमच्याकडे डोंगर म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातली गोष्ट. नव्या नवरीला घरात चोवीस तास माणसांचा वेढा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मामंजी म्हणाले, “सूनबाई, पायात चपला नको, बूट घाल. चल माझ्याबरोबर.” सासूबाई बघतच राहिल्या. मामंजी हातात पाण्याचा पाच लिटरचा कॅन घेऊन पुढे, मी मागे. गल्लीच्या टोकाला जुन्या बंगल्याची भिंत आणि ओढा यांच्यामध्ये दोन हात रुंदीची फट होती. तिच्यातून वर गेलं की पाच मिनिटांत रस्त्याचा आवाज बंद. मामंजींनी लावलेलं कडुनिंबाचं रोप होतं, त्याला त्यांनी पाणी घातलं. मला म्हणाले, “घरात कंटाळा आला की इथे यायचं. कुणाला विचारायला नको, तिकीट नको.” नव्या सुनेला असं सांगणारे सासरे किती जणींना मिळतात, तुम्हीच सांगा.

तेव्हापासून माझं टेकडीवर जाणं सुरू झालं ते आजपर्यंत. नाही म्हणायला एकदा खंड पडला. मार्च 2020 मध्ये बागा, मैदानं, टेकड्या सगळंच बंद झालं. तेव्हा खिडकीतून टेकडी दिसायची आणि जाता यायचं नाही. घरात सहा माणसं, तीन मोबाइलवर तीन शाळा (एक माझी, दोन मुलांच्या), आणि मामंजी गॅलरीतून उतारावरचं आपलं झाड शोधायचे. त्यांना दिसत नव्हतं, पण ‘दिसतंय’ म्हणायचे. मामंजी आता नाहीत. झाड आहे, माझ्यापेक्षा दुप्पट उंच.

टेकडीवर बघायला काय आहे, असं विचाराल तर पाहुणे येऊन वाहवा करतील असं फारसं नाही. उन्हाळ्यात ती पार करपलेली असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ग्लिरिसिडिया मात्र गुलाबी फुलून येते. जाणकार म्हणतात की हे झाड बाहेरून आणून लावलेलं, त्याने इथल्या मूळ झाडांची जागा खाल्ली. खरं असेल, पण फुललं की डोळे सुखावतात हेही खरं. पहिला पाऊस पडला की आठ दिवसांत सगळं हिरवं, श्रावणात गवत कमरेला लागतं. मोर तर इतके की त्यांचं कौतुक उरलेलं नाही. शाळेत सहावीच्या मुलांना मी ‘माझी आवडती जागा’ हा निबंध दिला होता. निम्म्या वर्गाने मॉल लिहिला. टेकडीच्या उतारावरच्या वस्तीत राहणाऱ्या एका मुलीने मात्र बोरं कुठे लागतात, मोराचं पीस कुठल्या महिन्यात सापडतं आणि कुठल्या दगडावर बसलं की आई कामावरून परत येताना दिसते, हे सगळं दीड पानात लिहिलं. शुद्धलेखनाच्या एकवीस चुका होत्या. दहापैकी नऊ मार्क दिले.

आता मुद्द्यावर येते. दोन वर्षांपूर्वी गल्लीच्या टोकाचा तो जुना बंगला पाडला. तिथे सात मजली इमारत झाली आणि एका सोमवारी चार वाजता मी जाते तो काय, फटीच्या जागी नवी कोरी भिंत! वॉचमन म्हणाला, “ताई, इथून वाट नाही.”

“अहो, शनिवारपर्यंत होती!”

“आता नाही.”

घरी येऊन ‘ह्यां’ना सांगितलं. हे म्हणाले, “मग त्यात काय? दुसऱ्या गेटने जायचं. मी स्कूटरवरून जातो की.” पुरुषांचं असं सोपं असतं बघा. दुसरं गेट मोठ्या रस्त्याने पंचवीस मिनिटांवर, मध्ये पौड रस्ता ओलांडायचा. जाऊन-येऊन पन्नास मिनिटं. माझ्या दीड तासातून पन्नास मिनिटं वजा करा, म्हणजे टेकडीच्या पायथ्याला हात लावून परत! शेजारच्या काकूंचे गुडघे दुखतात, त्यांनी तर त्या दिवसापासून जाणंच सोडलं. वरच्या वस्तीतून आमच्या गल्लीत धुण्याभांड्याला येणाऱ्या बायका त्याच फटीतून दहा मिनिटांत उतरत. त्यांना आता वळसा पडतो. आमच्या मावशी साडेसातच्या आठ वाजता येऊ लागल्या, तेव्हा कुठे घरातल्या पुरुषांना भिंतीचा त्रास कळला!

तुम्ही म्हणाल, टेकडी वाचवण्यासाठी पुण्यात एवढं चाललंय, आणि ही बाई एका फटीचं काय घेऊन बसलीय? चाललंय, हे खरंच आहे. 1997 साली जी 23 गावं महापालिकेत आली, त्यांच्यातल्या टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचं आरक्षण ठेवावं म्हणून लोकांनी वर्षानुवर्षं धरून ठेवलं. शेवटी 2015 मध्ये शासनाने सुमारे 978 हेक्टरांवरचं ते आरक्षण मान्य केलं. आमच्या वेताळ टेकडीच्या उतारावरून बालभारती ते पौड फाटा असा रस्ता आखला, पोटातून बोगदे सुचवले, तेव्हा 2023 च्या एप्रिलमध्ये हजारो माणसं टेकडीसाठी रस्त्यावर आली. म्हातारी माणसं, कॉलेजची मुलं, कडेवर पोरं घेतलेल्या आया. मीही गेले होते. पण त्या सगळ्या नकाशांमध्ये टेकडी हिरव्या रंगाने रंगवलेली असते, आणि तिथे कुठल्या गल्लीतून जायचं ते कुठेच दाखवलेलं नसतं. टेकडी वाचली आणि तिच्याभोवती भिंतींचा गोल पूर्ण झाला, तर ती आम्हाला खिडकीतून बघायलाच उरेल. तसं बघणं आम्ही 2020 मध्ये करून चुकलो आहोत.

आमच्या ओळखीचे एक वकील आहेत. त्यांना विचारलं, इतक्या वर्षांची वहिवाट आहे, काही हक्क नाही का? मी ऐकून होते की वीस वर्षं वहिवाट असली की हक्क मिळतो. मामंजींचीच चाळीस वर्षं होती! वकीलसाहेब हसले. म्हणाले, “1882 चा कायदा आहे, वीस वर्षांचंही बरोबर आहे. पण तो हक्क एका जमिनीच्या मालकाला शेजारच्या जमिनीतून जाण्यासाठी. ‘फिरायला जाणारी सगळी माणसं’ त्यात सहजासहजी बसत नाहीत. गावची पूर्वापार रूढी म्हणून सिद्ध करायचं तर कोर्टात वर्षं जातील.” मग म्हणाले, “शेतकऱ्याची शेतात जायची वाट कुणी अडवली, तर 1906 च्या मामलेदार कोर्टाच्या कायद्याखाली तहसीलदार ती मोकळी करून देऊ शकतो.” म्हणजे आम्ही टेकडीवर दोन वाफे भुईमूग लावायला हवा होता!

माझी नणंद इंग्लंडात मँचेस्टरजवळ राहते. तिला फोनवर ही सगळी कर्मकथा सांगितली, तर ती म्हणाली, वहिनी, आमच्याकडेही हेच झालं होतं. तिच्या घरापासून गाडीने तासाभरावर किंडर स्काउट म्हणून डोंगरपठार आहे. पूर्वी ते धनिकांच्या पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेलं, राखणदार लोकांना हाकलून द्यायचे. गिरण्यांत-कारखान्यांत आठवडाभर खपणाऱ्या तरुण मुलामुलींना रविवारी मोकळ्या हवेत जायला जागाच नाही. 24 एप्रिल 1932 रोजी काही शे जण ठरवून, उघडपणे त्या डोंगरावर चालत गेले. राखणदारांशी झटापट झाली, पाच तरुणांना तुरुंगात टाकलं. आणि इंग्लंड-वेल्समध्ये मोकळ्या डोंगरपठारांवर पायी हिंडायचा हक्क कायद्यात आला तो 2000 साली. म्हणजे अडुसष्ट वर्षं! मी मनात म्हटलं, तोवर माझी शंभरी होईल.

तेव्हा कोर्टाचा नाद सोडून आम्ही बायकी मार्ग धरला. गल्लीतल्या चौदाजणींनी सह्यांचा अर्ज केला. एका कार्यालयाने दुसऱ्या कार्यालयाकडे पाठवलं, दुसऱ्याने ‘खाजगी जागेचा प्रश्न आहे’ म्हणून परत पाठवलं. त्यात पाच महिने गेले. मग काकू म्हणाल्या, “अगं, त्या इमारतीत माणसंच राहतात ना? हळदीकुंकवाला बोलवू या.” बोलावलं. तिळगूळ दिला, वाण म्हणून कडुनिंबाची रोपं दिली, आणि गप्पागप्पांत विषय काढला. काय झालं असेल? त्या इमारतीतल्या निम्म्याजणींना आपल्या भिंतीपलीकडून टेकडीवर जाता येतं हेच माहीत नव्हतं! त्यांना बिल्डरने ‘हिल व्ह्यू’ म्हणून फ्लॅट विकला होता. बाल्कनीतून व्ह्यू बघत होत्या बिचाऱ्या.

त्या चौघीपाचजणी मग घरी भांडल्या असणार. कारण दोन महिन्यांत त्यांच्या समितीने भिंतीत एक लहानसं लोखंडी दार बसवायचं कबूल केलं. चोरांची भीती, बाहेरची माणसं येतील, कचरा होईल, या सगळ्या शंका निघाल्या. आम्ही कचऱ्याची जबाबदारी घेतली. आता दर शनिवारी पाळीपाळीने दोघीजणी पोतं घेऊन वाट झाडून काढतो. दार बसलं. पाटी लागली: ‘सकाळी 6 ते 9’.

सकाळी सहा ते नऊ! मैत्रिणींनो, सहा ते नऊ आपण काय करत असतो? मी सात वाजता शाळेत असते, ज्या शाळेत नसतात त्या डबे भरत असतात, आणि मावशींची परतीची वेळ दुपारी दोन. मी समितीच्या चिटणिसांना विचारलं, तर ते अगदी सौजन्याने म्हणाले, “वहिनी, फिरायला लोक सकाळीच जातात.” ‘लोक’ म्हणजे कोण ते मी काही विचारलं नाही. दुपारी बायकांनी एकट्यादुकट्या वर जाणं सुरक्षित नाही, असंही ते म्हणाले. आता हे जरा उलटं आहे. मीही कुणाला अंधार पडल्यावर किंवा एकटीने आडवाटेला जा म्हणून सांगणार नाही. पण चार वाजता आम्ही सातआठजणी त्या वाटेवर असायचो, वस्तीतल्या बायका ये-जा करायच्या, पोरं बोरं वेचायची, म्हणून तर तिथे भीती नव्हती. वाट ओस पडली की मग भीती येते.

सध्या काय होतं सांगू? मी चार वाजता जाते, वॉचमनमामा दुसरीकडे बघतात आणि म्हणतात, “ताई, कुलूप नुसतं अडकवलंय.” मी कडी काढते, जाते, येताना लावते. मावशीही तशाच जातात. पण वॉचमनमामांची बदली झाली की संपलं.

तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर लॉ कॉलेज रस्त्यावर कांचन गल्लीतून, पंचवटीच्या बाजूने, किंवा एआरएआयच्या रस्त्याने यावं, या वाटा माहितीच्या आहेत. बूट घालावेत, पाणी घ्यावं, जमलं तर एक बाटली झाडासाठीही. खायला गूळ-दाणे पुरतात. आणि आपल्या गावच्या टेकडीला, नदीकाठाला, मैदानाला जाणारी अशी एखादी फट तुमच्या गल्लीत असेल, तर तिच्यातून कोण-कोण, किती वाजता जातं ते एकदा वहीत लिहून ठेवा. आम्ही ते फार उशिरा केलं. आमच्या यादीत दुपारी दोन ते साडेपाच या वेळात एकतीस नावं निघाली, त्यांतली सव्वीस बायकांची.

ती यादी आम्ही समितीला दिली आहे. दाराच्या वेळेवर सभा ठेवायचं त्यांनी मान्य केलं. येत्या रविवारी, सकाळी आठ वाजता! रविवारी सकाळी आठला कुठल्या घरातली बाई मोकळी असते हो? पण आम्ही सगळ्याजणी जाणार आहोत. पोहे मी साडेसहालाच करून झाकून ठेवीन, चहा ह्यांना करता येतो.